तुम्ही विचारलंत म्हणून: कण, चुंबक आणि कंपायलर

"आधी पार्टिकल फिजिक्स, मग चुंबक, आता कंपायलर... म्हणजे तुम्ही नेमकं करता तरी काय?" हा प्रश्न मला नातेवाइकांपासून मुलाखत घेणाऱ्यांपर्यंत सगळे विचारतात. (कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम.) विचारण्याचे सूर दोन. एक कौतुकाचा, आणि दुसरा "एकही धड जमलं नाही वाटतं" असा. मला दुसरा बरा वाटतो, निदान त्याला खरं उत्तर ऐकायचं असतं.

तर खरं उत्तर हे की ठरवलेलं काहीच नव्हतं. रिसर्चमधे पोस्ट जिथे निघते तिथे माणूस जातो, त्याला नंतर "प्रवास" वगैरे नावं देतात ते सोडा. पण तिन्ही ठिकाणी माझं रोजचं काम मात्र एकच होतं, ते म्हणजे स्क्रीनवर आलेला आकडा निसर्गाचा आहे की आमच्याच प्रोग्रॅमचा, हे शोधून काढणं.

कणांपासून सुरू करते. जिनिव्हाजवळ सर्न या प्रयोगशाळेचा एलएचसी आहे, कण एकमेकांवर आदळवायची २७ किलोमीटरची रिंग, आणि त्यात प्रोटॉनचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांतून जातात, म्हणजे सेकंदाला साधारण ४ कोटी वेळा. एवढं सगळं साठवणं शक्यच नाही, मग ट्रिगर नावाची यंत्रणा काही मायक्रोसेकंदांत ठरवते की हे ठेवायचं आणि हे फेकायचं. पहिली चाळणी हार्डवेअरची, त्यातून सेकंदाला लाखभर घटना पुढे येतात, मग हजारो प्रोसेसरवर चालणारं सॉफ्टवेअर त्यातल्या काही हजारच ठेवतं. जे फेकलं ते गेलंच, परत मिळत नाही. म्हणजे आपण जिला "डेटा" म्हणतो ती गोष्टच मुळात प्रोग्रॅमने निवडून दिलेली असते, हे बाहेरच्या लोकांना सांगितलं की ते जरा दचकतात (आणि दचकायला हवंच).

४ जुलै २०१२ ला हिग्ज नावाचा कण सापडल्याची घोषणा झाली तेव्हा सगळीकडे "५ सिग्मा" गाजलं. म्हणजे काय, तर नवीन कण नसताना निव्वळ योगायोगाने ग्राफमधे एवढा मोठा उंचवटा दिसण्याची शक्यता ३५ लाखांत एक. पण योगायोग सोडून बाकी कशाबद्दलही तो सिग्मा बोलत नाही, आणि इथेच लोक फसतात. आदल्याच वर्षी, २०११ मधे, ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे कण सर्नहून इटलीतल्या ग्रान सास्सोपर्यंतचं ७३० किलोमीटर अंतर प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर कापताना दिसले होते, तेही ६ सिग्मांनी! निघालं काय तर मुख्यतः एक फायबर ऑप्टिक केबल नीट बसलेली नव्हती. आकडेमोड चोख होती, आकडा मात्र केबलचा होता.

याच काळात मला प्रोग्रॅमिंग भाषांच्या टूल्सची चटक लागली. पार्टिकल फिजिक्समधे रूट नावाचं सॉफ्टवेअर सगळे वापरतात, १९९५ च्या सुमारास सुरू झालेलं, आणि त्यात सी प्लस प्लस एकेक ओळ टाइप करून तिथल्या तिथे चालवता येतं. सी प्लस प्लस या भाषेला इंटरप्रिटर, म्हणजे ओळ वाचून लगेच चालवणारा प्रोग्रॅम! भाषावाले ज्याला हात लावायला कचरतील ते फिजिक्सवाल्यांनी गरज म्हणून करून टाकलं. आधी सिंट होता, नंतर एलएलव्हीएम या कंपायलर बनवायच्या साहित्यावर उभा असलेला क्लिंग आला. मी प्लॉट काढायला बसायचे आणि हे आतून चालतं कसं तेच वाचत बसायचे.

मग चुंबक. इथे थोडी रेंगाळणार आहे कारण हा विषय लोकांना माहीत नसतो आणि मला तिघांत जास्त आवडतो. निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची, म्हणजे परमॅलॉयची, काहीशे नॅनोमीटर रुंदीची एक पातळ चकती घ्या. तिच्यातलं चुंबकत्व सरळ एका दिशेला उभं न राहता गोल फिरतं, भोवऱ्यासारखं, आणि मधोमध त्याला वळायला जागाच उरत नाही म्हणून ते चकतीच्या बाहेर, वर किंवा खाली, उभं राहतं. हा गाभा जेमतेम १० ते २० नॅनोमीटरचा. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की गाभा सरकतो, आणि कधीकधी मधेच अडकतो.

हेच सगळं कॉम्प्युटरवर करताना चकतीचे छोटे चौकोनी तुकडे (जाळीची घरं) पाडायचे आणि प्रत्येकात, चुंबकत्व वेळेनुसार कसं वळतं ते सांगणारं, लँडाऊ-लिफ्शिट्झ-गिल्बर्ट समीकरण सोडवायचं. परमॅलॉयसाठी तुकडा ५ नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान हवा. मोठा घेतला तर? काही नाही, प्रोग्रॅम तक्रार करत नाही, उलट लवकर संपतो आणि सुंदर रंगीत चित्र देतो, फक्त त्या चित्रात गाभा जाळीच्या घरांमधे अडकत अडकत सरकतो. आता पंचाईत अशी की खऱ्या चकतीतही गाभा अडकतो, धातूतल्या दोषांमुळे. मग गाभ्याच्या सरकण्याच्या ग्राफवर पायऱ्या दिसल्या तर त्या धातूच्या की जाळीच्या? नुसतं बघून कळत नाही. घर अर्ध्या मापाचं करून परत चालवायचं, पायऱ्या लहान झाल्या तर त्या तुमच्या होत्या, धातूच्या नव्हत्या. त्रिमितीत आठपट घरं आणि वर वेळेची पावलंही बारीक, म्हणजे रात्रभर वाट बघा. हे करायचा कंटाळा केलेले पेपर वाचताना लगेच ओळखू येतात, जाऊदे.

(कणवाले आणि चुंबकवाले वेगळे, असं समजणाऱ्यांसाठी: टोनी स्कर्मने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रोटॉन-न्यूट्रॉन समजून घ्यायला एक गाठीसारखी रचना मांडली, आणि तशीच रचना २००९ मधे मँगनीज सिलिसाइडच्या चुंबकत्वात सापडली. तिला स्कर्मिऑनच म्हणतात.)

आता तिसरं, कंपायलर. फ्लोटिंग पॉइंटमधे, म्हणजे कॉम्प्युटर आकड्याचे ठरावीकच अंक ठेवतो त्या पद्धतीत, १०^१६ मधे १ मिळवा आणि मग १०^१६ वजा करा, उत्तर शून्य येतं. क्रम बदला, १ येतं. ही चूक भरून काढायला काहान या गणितज्ञाची एक जुनी युक्ती आहे, बेरजेत हरवलेला तुकडा वेगळा जपून ठेवायचा. पण कंपायलरला फास्ट मॅथची, म्हणजे वेगासाठी हिशेबाची मांडणी बदलायची, परवानगी दिलीत की तो शाळेतल्या बीजगणिताने बघतो, हा जपलेला तुकडा तर शून्यच आहे म्हणतो, आणि उडवून टाकतो. काळजी घेणारा कोडच गायब, आणि कुठे वॉर्निंगही नाही. असलं काही बघितल्यावर मी फिजिक्स सोडून टूल्सकडे गेले असं लोक म्हणतात, माझ्या मते मी त्याच कामाच्या एक मजला खाली उतरले.

सध्या कोडमधली एककं तपासणाऱ्या टूलवर काम करते. चुंबकवाल्यांत अर्धे जण ओरस्टेड-गाउसमधे बोलतात, अर्धे टेस्लामधे, एक ओरस्टेड म्हणजे साधारण ७९.६ अँपिअर प्रति मीटर, आणि कोडमधे हे सगळे नुसते डबल, म्हणजे एककाविना साधे आकडे. १९९९ मधे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे अंतराळयान याच जातीच्या घोळात गेलं, एकीकडे पाउंड-सेकंद, दुसरीकडे न्यूटन-सेकंद. एफ शार्पसारख्या भाषेत एकक हे टाइपचाच, म्हणजे आकड्याच्या प्रकाराचाच, भाग असतं, कंपाइल करताना तपासलं जातं आणि नंतर पुसलं जातं, त्यामुळे वेग कमी होत नाही. मग सगळे तेच का नाही वापरत, असं विचाराल तर जुना कोड लाखो ओळींचा आहे आणि तो कोणी परत लिहिणार नाही, म्हणून आम्ही आहे त्या कोडवरच बाहेरून तपासणी बसवतो.

आणि तरी भागत नाही. टॉर्क आणि ऊर्जा दोन्हींचं एकक गणिताने न्यूटन-मीटरच. चुंबकात तर अजून वाईट, एसआयमधे क्षेत्र एच आणि चुंबकत्व एम दोघंही अँपिअर प्रति मीटर, आणि जुन्या सीजीएस (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद) पद्धतीत बी (चुंबकीय प्रवाहघनता), एच, एम तिघांची मितीच एक. एच आणि एमची बेरीज करणं बरोबर आहे, बी काढताना तीच करतात, पण एकाच्या जागी दुसरं टाकणं चूक. म्हणजे एकक जुळलं की टूल खूश, आणि फंक्शनला एच हवा असताना कोणी एम दिला तर त्याला पत्ताच नाही. म्हणून आता एककासोबत "हे कसलं परिमाण आहे" अशी वेगळी खूण टाइपमधे घालून बघतोय. बेरजेनंतर ती खूण नेमकी कुठली ठेवायची यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.