एक वर्षासाठीच

"एक तारखेपासून पूर्ण वेळ ये. १४ हजार देईन."

सांगलीच्या मार्केट यार्डात आजचे हळदीचे सौदे उरकले होते. मी पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालविक्रीचे हिशोबाचे कागद, करत बसले होते. मालक जाता जाता एवढं बोलून गेले.

खोटं का बोलू, आनंद झाला. घरी या पैशांची गरज आहेच. म्हटलं, कॉलेज एक वर्षासाठीच सोडू.

शेजारचे दिवाणजी गप्प होते. थोड्या वेळाने त्यांनी ड्रॉवर उघडला आणि जुन्या पावत्यांच्या खालून कॉलेजचं ओळखपत्र काढलं. कडा कुरतडलेल्या, फोटोतल्या पोराला दाट केस.

"मी पण एक वर्षासाठीच सोडलं होतं, बाळ."

एवढं म्हणाले आणि परत बेरजेला लागले.

तेव्हापासून तो 'च' डोक्यातून जात नाहीये. ते कार्ड त्यांनी टाकून का दिलं नसेल?

आता नियम सोपे झालेत, मान्य. २०२० च्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे दोन वर्षं पूर्ण करून, अटी पाळून बाहेर पडलं तर डिप्लोमा मिळतो, आणि पास केलेल्या विषयांची क्रेडिट्स ७ वर्षांपर्यंत जमा राहतात. मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चौथी सेमिस्टर तेवढी राहिलीय. कागदावर परतीची वाट आहे. पण दिवसभर पट्ट्या करून, हळदीने पिवळे झालेले हात धुऊन रात्री पुस्तक उघडायला मला कोण बसवणार?

सोमवारी उत्तर द्यायचंय. परीक्षेपर्यंत अर्धा वेळच ठेवा, असं मालकांना विचारू का?

तुमच्यात कुणी सोडून परत गेलंय? कसं जमवलंत?