लिंकनच्या ऑफिसातला रविवार

दुपारी लेकीने माझ्या फायलीवर शाई सांडली. मी एवढ्या जोरात ओरडले की ती टेबलाखाली जाऊन बसली.

रात्री लिंकनबद्दल वाचत होते. राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधीचा, स्प्रिंगफील्डमधला वकील, इलिनॉयचा माजी आमदार. बायको रविवारी चर्चला गेली की हा विली आणि टॅड या मुलांना घेऊन ऑफिसात. पोरं पुस्तकं ओढायची, दौती उलथवायची, कागदांवर नाचायची. भागीदार हर्नडन मनातल्या मनात धुमसायचा (मला तोच जवळचा वाटला!). लिंकन मात्र एका शब्दाने बोलायचा नाही.

मग एक तारीख दिसली. लिंकनचा आणखी एक मुलगा, एडी, १८५० साली गेला होता. चार वर्षांचाही नव्हता.

फाइल अजून वाळतेय. कोपऱ्यात लेकीच्या अंगठ्याचा निळा ठसा उमटलाय.