दहा हजार पट

(माजी विद्यार्थिनी, दहावी १९९६)

माझ्या डोक्यावरचा एक केस ७० मायक्रॉन जाड आहे, हे मला नववीत कळलं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो मोजला बाबांनी, आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभं राहून. आणि ही मोजणी घरात आली ती आपल्या विज्ञानाच्या बाईंमुळे.

पेशीचा प्रकल्प म्हणजे थर्माकोल, हे तेव्हा ठरलेलंच होतं. वनस्पती पेशी चौकोनी, प्राणी पेशी गोल, केंद्रकाला अर्धा चेंडू, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांना शेंगांची टरफलं आणि टाचण्यांना चिकटवलेले नावांचे झेंडे. आठवीत मीही तेच केलं होतं. रंग उठून दिसावा म्हणून केंद्रकाला ऑइल पेंट लावला, त्यातल्या थिनरनं रात्रभरात थर्माकोल खाल्ला आणि सकाळी केंद्रकाच्या जागी भोक. शाळेत पोचेपर्यंत मी रडत होते. बाई काही बोलल्या नाहीत. माझी पेशी इतरांच्या पेशींच्या रांगेत नीट ठेवली आणि सगळ्या वर्गाला विचारलं, "यातली कुठली पेशी केवढी आहे?"

प्रश्नच कुणाला कळला नाही. एकाची तंतुकणिका केंद्रकाएवढी होती, दुसऱ्याची रिक्तिका, म्हणजे पेशीतली पाण्याची पिशवी, लिंबाएवढी. मुलांनी मेहनत घेतली होती, काहींच्या घरच्यांनी त्याहून जास्त. पण सगळ्यांनी पुस्तकातलं चित्रच पुन्हा बनवलं होतं. मला वाटतं, बाईंनी पुढच्या वर्षीचा बेत तिथेच ठरवला असावा.

नववीत, म्हणजे १९९४-९५ साली, त्यांनी सांगितलं की या वेळी पेशी एकच, सगळ्या वर्गाची. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, हॉलच्या फरशीवर रांगोळीने काढायची. पण मापात.

आधी खरी पेशी बघितली. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता, कुलपातला. तो खिडकीपाशी आणून आरशाने ऊन पकडायचं. कांद्याच्या आतल्या पाकळीचा पापुद्रा चिमट्याने सोलायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, वर आयोडीनचा एक थेंब, मग तिरकी धरून अलगद सोडलेली आच्छादक काच. बुडबुडा राहिला तर पुन्हा. बाईंनी त्या भिंगाखाली कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी ठेवायला लावली. तिच्या दोन रेघांमधला एक मिलिमीटर अर्ध्याहून जास्त वर्तुळ व्यापत होता. तेवढ्याच जागेत आमच्या पापुद्र्याच्या पेशी लांबीला तीन बसल्या. म्हणजे एक पेशी मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. दहा हजार पट मोठी केली तर? फळ्यावर उत्तर आलं, सव्वातीन मीटर. वर्ग एकदम गप्प झाला आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

बाकीची मापं बाईंनी दिली, ती सगळी मायक्रॉनमध्ये. गालाच्या आतल्या बाजूची पेशी ६०, रक्तातली तांबडी पेशी साडेसात, तंतुकणिका एक मायक्रॉन रुंद. मी घरी वही उघडून गणितं करत बसले होते. बाबा दिवसपाळीहून आले, हात धुतले आणि माझ्या खांद्यावरून वाचून म्हणाले, "मायक्रॉन? हे तर आमचं काम."

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते लेथवर होते. शिक्षण सातवीपर्यंत. माझ्या अभ्यासात त्यांनी तोवर कधी डोकावलं नव्हतं, आपल्याला काय कळतंय म्हणून. त्या संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून लाकडी पेटी काढली. आत फडक्यात गुंडाळलेला त्यांचा स्वतःचा मायक्रोमीटर होता. माझ्या वेणीतून निसटलेला एक केस त्यांनी त्याच्या जबड्यात धरला, मागची मूठ टिकटिक वाजेपर्यंत फिरवली आणि उजेडाकडे धरून मला वाचायला दिला. "एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. किती घरं आली?"

सात. म्हणजे ७० मायक्रॉन.

"आणि तुझी ती गालातली पेशी साठ. म्हणजे या केसाच्या जाडीत मावेल ती?" बाबा केसाकडे बघत राहिले. मग वहीचं पान मोजलं, पोस्टकार्ड मोजलं, कांद्याचं वरचं साल मोजलं. आई जेवायला हाका मारत होती.

वहीचं पान आठ घरं भरलं, ८० मायक्रॉन. दुसऱ्या दिवशी मी ते बाईंना सांगितलं आणि त्यांचे डोळे चमकले. पेशीचं प्रद्रव्यपटल, म्हणजे तिच्याभोवतीचा पातळ पडदा, सात-आठ नॅनोमीटर जाड असतं; नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. दहा हजार पट केलं की ते बरोबर वहीच्या पानाएवढं होतं. रांगोळीची रेघ इतकी बारीक येणारच नव्हती, त्यामुळे ते कसं दाखवायचं यावर बाई अडल्या होत्या. मग आम्ही जुन्या वह्यांच्या पानांच्या पट्ट्या कापल्या आणि भित्तिकेच्या, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या भिंतीच्या, आतून कडेवर उभ्या केल्या, दोन्ही बाजूंनी रांगोळीचा आधार देऊन. बाबा रजा टाकून आले होते. खडूची दोरी ताणून त्यांनी सव्वातीन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद आखून दिलं. बाई त्यांना "दादा, हे बरोबर आहे का बघा" असं विचारत होत्या. माझ्या बाबांना शाळेत कुणी काही विचारताना मी पहिल्यांदा बघत होते.

पेशीभित्तिका सुतळीएवढी जाड आली. ती काढताना बाईंनी रॉबर्ट हूकची गोष्ट सांगितली. १६६५ साली त्याने बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले त्या नुसत्या भिंती होत्या, आतलं जिवंत सगळं केव्हाच गेलेलं. "आपण आतलं भरतोय," त्या म्हणाल्या.

आतलं भरतानाच खरी गंमत झाली. दोन मैत्रिणींनी हौसेने हिरव्या रांगोळीचे ठिपके टाकायला घेतले, हरितलवकं म्हणून, म्हणजे उन्हात अन्न तयार करणारे पेशीतले हिरवे कण. बाईंनी शांतपणे विचारलं, "कांदा आतून हिरवा असतो का गं?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. वनस्पती पेशी म्हणजे हरितलवक, असं आम्ही घोकलं होतं, आणि समोर पांढराशुभ्र पापुद्रा आठवडाभर बघूनही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मातीत, अंधारात वाढणाऱ्या कांद्याच्या पेशीला हरितलवकांचं काय काम? दुसऱ्या दिवशी एकीने जांभळी नाक्यावरून पातीचा कांदा आणला. त्याच रोपाची वर उन्हात आलेली पात हिरवी, खालचा कांदा पांढरा. पातीचा हिरवा तुकडा आम्ही भिंगाखाली ठेवला आणि त्यात हिरवे दाणे दाणे दिसले. हिरवी रांगोळी झाडून काढली. इतकी वर्षं झाली, पण पेशीबद्दल मी जे काही शिकले त्यात हे पहिलं धरते.

रिक्तिकेवरून वाद झाला. फिकट निळ्या रंगाने जवळजवळ सगळी पेशी व्यापली आणि पेशीद्रव्य कडेला चिकटून बसलं. मुलांना ते भकास वाटत होतं. बाई म्हणाल्या, नाव रिक्तिका असलं तरी ती रिकामी नाही, पाण्याने तट्ट फुगलेली आहे. आतून भिंतीवर तिचा दाब असतो म्हणून मेथीची जुडी ताठ उभी राहते. पाणी गेलं की जुडी मान टाकते.

तंतुकणिका म्हणून बेदाणे ठेवले, सेंटिमीटरभर जाडीचे निवडून. केंद्रकाला एक ताटली पालथी घालून वर्तुळ आखलं. आणि रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे बारीक कण? रांगोळीचा एक कण म्हणजे एक रायबोसोम. बाईंनी चिमूटभर पांढरी पूड पेशीद्रव्यावर भुरभुरली आणि म्हणाल्या, मोजा.

कांद्याच्या पेशीशेजारी गालाची पेशी काढली, घरच्या परातीएवढी, भित्तिका नसलेली, वेडीवाकडी. तिच्या बाजूला तांबडी रक्तपेशी, साडेसात सेंटिमीटरची, पुरीएवढी, मध्ये खोलगट, केंद्रक नसलेली. पेशीच्या कडेने माझा केसही दाखवला, ७० सेंटिमीटर रुंदीचा काळा पट्टा. बघायला आलेले पालक त्या पट्ट्यापाशी हमखास थांबायचे. वडील रेल्वेत असलेल्या एका मुलाने हिशेब केला की तो स्वतः दहा हजार पट झाला तर १४ किलोमीटर लांब होईल, म्हणजे पाय ठाणे स्टेशनात आणि डोकं घाटकोपरला. दिवसभर तो हेच सगळ्यांना सांगत होता. कागदाच्या पट्ट्या पडू नयेत म्हणून पंखे बंद ठेवले होते. आम्ही घामाने निथळत होतो आणि कुणालाही तिथून हलायचं नव्हतं.

संध्याकाळी झाडू मारायची वेळ आली तेव्हा बाईंनी बेदाणे वेगळे काढून घेतले. पट्ट्यांची पानं मी मागून घेतली.

आज तयार मॉडेल दुकानात मिळतात. माझ्या मुलीच्या वर्गात निम्म्याहून जास्त तीच आली होती, सुबक आणि चकचकीत. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कारण त्या मुलांना केस मोजायचं राहून जातं.

मी गेली बावीस वर्षं ठाण्यातच एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. आता पेशी मोजायला यंत्र आहे. निरोगी रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये ४५-५० लाख तांबड्या पेशी असतात आणि यंत्र तो आकडा झटक्यात देतं. तरी शंका आली की स्लाइड करून डोळ्यांनी बघावंच लागतं.

बाबांची पंचाहत्तरी झाली. गेल्या महिन्यात त्यांचं रक्त मीच घेतलं. त्यांनी हट्टच धरला, म्हणून स्लाइड लावून त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. चष्मा काढून, एक डोळा मिटून ते बराच वेळ बघत होते.

"केवढ्या गं या?"

"साडेसात मायक्रॉन, बाबा."

"म्हणजे आपल्या रांगोळीतली पुरी," ते म्हणाले, आणि परत डोळा लावला.