तळहाताखालचा रकाना

आमच्या कारखान्याचं आणि पलीकडच्या कारखान्याचं वैर बघायचं असेल तर डिसेंबरात लातूर-मुरूड रस्त्यावर या. एकाच ऊसतोड मुकादमाकडं दोघांची आगाऊ उचल, एकाच फडात दोघांचे चिटबॉय, म्हणजे तोडीची नोंद ठेवणारी पोरं. आमच्या नोंदीचा ऊस रात्रीतून त्यांच्या गव्हाणीत गेलेला आहे. (त्यांचाही आमच्याकडं येतो, पण ते राहू द्या.)

म्हणून मागच्या श्रावणात त्यांच्या को-जनच्या, म्हणजे वीज प्रकल्पाच्या, हिशेबनिसाचा फोन आला तेव्हा मी आधी खुर्ची भिंतीकडं वळवली.

"सायेब, तुमची विजेची बिलं कुठवर निघालीत?"

"चालू आहे," मी म्हणालो. हे आमचं पाठ उत्तर.

"आमचं बी चालूच हाय. पाच महिन्यांपासून."

आता हसू आवरेना.

दोघांकडंही को-जन. बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळायचा, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, कारखान्याला लागते ती वीज ठेवून उरलेली ग्रीडला द्यायची. महिना सरला की सबस्टेशनात दोन्हीकडची माणसं मीटरपुढं उभी राहून रीडिंग घेतात, सह्या करतात. त्यात कधी दिवस चुकत नाही. बिल मात्र एकदा सरकारी कंपनीच्या दारात गेलं की बसतंच. शेतकऱ्याला असं बसवून ठेवता येत नाही. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस आल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, नाहीतर 15 टक्के व्याज. मग गोदामातली साखर बँकेकडं तारण जाते आणि आपल्याच येणं असलेल्या पैशापायी आपण व्याज भरत बसतो.

वीज बंद करतो म्हणावं, तर तेही जमत नाही. 2024 मध्ये अदानींनी थकबाकीपोटी झारखंडातल्या गोड्ड्याहून बांगलादेशला जाणारी वीज निम्म्यावर आणली. आमचा बॉयलर मात्र साखरेसाठी पेटलेला असतो. वाफ होणार, टर्बाइन फिरणार, वीज तारेत जाणार.

मुरूडच्या अलीकडं एका ढाब्यावर भेटायचं ठरलं. तिसऱ्या कारखान्याचाही माणूस आला. चहा झाला तरी फाइल कुणी उघडेना. शेवटी पलीकडच्यानं उघडली, पण बोट फिरवताना एक रकाना तळहाताखाली झाकून. मी वाकून पाहिलं, तर दराचा! तो दर वीज नियामक आयोगाच्या आदेशात छापलेला असतो. त्याला मी तसं म्हणालो, तर म्हणाला, "सवय हो."

हात निघाला. मग तिन्ही कागद शेजारी ठेवले. महिने तेच, उत्तरंही तीच. मला ज्या साहेबांनी सांगितलं होतं, "तुमचं पहिल्यांदा काढतो, बाकीच्यांना बोलू नका," त्यांनी या दोघांनाही तेच सांगितलं होतं. तिघंही इतके महिने खूश होतो, आपण पहिले म्हणून!

"तुम्हाला बी हेच सांगायलेत का?" तिसरा दोनदा म्हणाला आणि त्यानं भजी मागवली.

नियम मी वाचून गेलो होतो. 3 जून 2022 ला केंद्रानं विलंब अधिभाराचे नियम काढले. तेव्हा देशभरातल्या वीज उत्पादकांचे 1.3 लाख कोटींच्या वर अडकले होते. जुनी थकबाकी जास्तीत जास्त 48 हप्त्यांत फेडायची, आणि नवं देणं ठरल्या मुदतीपलीकडं लांबवलं तर वीज बाजारातून खरेदी बंद. नियमाला दात होते. त्याच वर्षी 18 ऑगस्टला 13 राज्यांच्या वितरण कंपन्यांची बाजारातली खरेदी-विक्री थांबवली, आपला महाराष्ट्रही त्यात. पैसे भरतील तशी बंदीतून नावं निघाली. कुठून आले, कुणास ठाऊक!

आमच्यासारख्यांचे आकडे त्यापुढं चिल्लर. एकेकट्यानं गेलं तर दारातला शिपाईसुद्धा ओळखीनं हसतो. म्हणून एकच पत्र, तीन शिक्के, थकलेल्या बिलांचा एकच तक्ता, आणि शेवटी एक ओळ: 2003 च्या वीज कायद्याच्या 86 व्या कलमाखाली आयोगाकडं जाऊ. कुणाचा शिक्का वर, यावर अर्धा तास गेला. शेवटी बाराखडीवर सुटलं. आमचा तिसरा.

दिवाळीआधी दोन महिन्यांचे आले. तिघांनाही एकाच दिवशी, हे नवीन होतं. अधिभाराचा पैसा नाही आला.

गळिताची मोळी टाकली आणि आठवड्यात पलीकडच्यांनी आमच्या दोन ऊसतोड टोळ्या फोडल्या. शेतकी अधिकारी माझ्या टेबलावर हात आपटून त्यांना शिव्या घालत होता, तेवढ्यात फोन वाजला. नाव त्याला दिसू नये म्हणून मी मोबाइल पालथा घातला आणि बाहेर येऊन उचलला.

"मंगळवारी आयोगात, कफ परेडला. रात्रीच निघावं लागंल. गाडी तुमची का आमची?"