डावी पोटरी

सासवडला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पोचते ती दिवे घाट चढून. पुण्याहून निघालं की तीस किलोमीटरच्या वर चाल, त्यात बहुतेकांना एकादशीचा उपास. संध्याकाळी आमच्या फिजिओथेरपीच्या तंबूसमोर रांग लागते, आणि रांगेतल्या प्रत्येकाला एकच हवं असतं, कुणीतरी पाय चोळून द्यावेत.

आम्ही चोळतो. पण खरं सांगायचं तर मला त्यात फारसा रस नाही. इथे मी चोळले, मग जेजुरीला कोण चोळणार? म्हणून दहा-बाराजणांना सतरंजीवर गोल बसवते आणि ज्याचे पाय त्याच्याच हातात देते.

एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा. तळव्याला अंगठ्यानं टाचेपासून बोटांपर्यंत दाब द्यायचा. मग पोटरी, दोन्ही हातांनी धरून घोट्याकडून गुडघ्याकडे. वर जाताना दाब, खाली येताना नुसता हात फिरवायचा. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात, आणि शिरांमधल्या झडपा ते परत खाली उतरू देत नाहीत. म्हणून चोळून झालं की पाय लांब करून पंजे वीसेक वेळा पुढे-मागे हलवायला सांगते. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना ज्यांची टाच ठणकते, त्यांना पाण्याची भरलेली बाटली तळव्याखाली घोळवायला देते. बायका लगेच शिकतात. पुरुषांना स्वतःच्या पायाला हात लावायचा एवढा संकोच का वाटतो, देव जाणे.

गेल्या वारीत त्या गोलात परभणीकडचे एक आजोबा होते. धोतर वर सरकवून, तळहातावर तेल घेऊन तयार. उजवी पोटरी वाळकी, शिरा उठलेली. डावी मात्र तुकतुकीत, तट्ट फुगलेली.

"आजोबा, थांबा. त्या पायाला हात लावू नका."

"का बरं? सगळ्यायचे पाय चोळायलेत, माझ्याच पायाला काय पाप लागलं?"

हात लावून पाहिला तर पाय गरम. बोट दाबलं की खळगा पडून राहत होता. टेप काढली. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा लागतो, तिथून 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी 30, डावी 34. दोन्हींत 3 सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला की आम्ही सावध होतो. विचारल्यावर कळलं, आळंदीला येताना ट्रकमध्ये रात्रभर सामानावर पाय दुमडून बसले होते, आणि पाय तेव्हापासूनच जड. त्यांनी दोष चालण्यावर ढकलला होता. पण चालून दुखतात ते बहुधा दोन्ही पाय.

पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल आणि ती चोळली, तर तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकतो. हे मी त्यांना सांगितलं, पण त्यांनी ऐकलं ते त्यांच्या दिंडीतल्या विणेकऱ्याचं. "माउली, पांडुरंग कुठं पळून चालला का? बसा गाडीत." 108 ची गाडी तळावरच उभी होती.

गाडी गेली आणि इकडे चोळणं थांबलं. सगळे आपापल्या दोन पोटऱ्या शेजारी-शेजारी धरून निरखू लागले. टेप हातोहात फिरली. एका आजींचे दोन्ही घोटे सुजलेले, त्या रडकुंडीला आल्या. दिवसभर चालून दोन्ही पाय सारखे सुजले आणि रात्री उशाला ठेवायचं गाठोडं पायाखाली घेतल्यावर सकाळी सूज उतरली, तर घाबरण्यासारखं सहसा नसतं. तरी त्यांना शेजारच्या तंबूतल्या डॉक्टरांना दाखवायला लावलं, कारण त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, आणि त्यातल्या काही गोळ्यांनीही घोटे सुजतात.

दुसऱ्या दिवशी विणेकऱ्यांचा फोन आला. डॉपलर तपासणीत, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह पाहणाऱ्या सोनोग्राफीत, गुठळी निघाली होती, मांडीपर्यंत गेलेली. रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली, वारी त्या वर्षापुरती संपली. आजोबा माझ्यावर चिडलेले होते, आणि मागून त्यांचाच आवाज ऐकू आला, "त्या बाईला इचार, उजव्या पायाला तरी तेल लावू का?"