सुट्टीच्या दोन पोळ्या, लोणचं आणि चार्ल्स यंग

आज कोलंबसहून तासभर गाडी हाकत ओहायोतल्या विल्बरफोर्सला गेलो. रूट ४२ च्या कडेला कर्नल चार्ल्स यंग यांचं घर. गुलामीत जन्म, १८८९ मध्ये वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीचे पदवीधर, तिथले तिसरे कृष्णवर्णीय. १९१७ मध्ये रक्तदाबाचं कारण देऊन सैन्याने त्यांना निवृत्त केलं. मग हा ५४ वर्षांचा गडी १९१८ च्या जूनमध्ये इथून घोड्यावर थेट वॉशिंग्टनला निघाला. ४९७ मैल, म्हणजे ८०० किलोमीटर! तब्येत ठणठणीत आहे हे दाखवायला. तरी सैन्यात परत बोलावणं आलं ते पहिलं महायुद्ध संपायला पाच दिवस उरले असताना. याला काय म्हणायचं?

ओमेगा साय फाय या कृष्णवर्णीय बंधुसंघाने हे घर जपलं, २०१३ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं. शेजारी आफ्रो-अमेरिकन संग्रहालय आणि यंग जिथे शिकवायचे ते विद्यापीठ. सरकारी उद्यान खातं, संघ, संग्रहालय, विद्यापीठ असे चौघे मिळून वारसा सांभाळतात, हे मला फार आवडलं. एकट्या खात्यावर सोडलं असतं तर नुसती पाटी उरली असती.

धाकटीने विचारलं, "बाबा, घोडा दमला नाही?" ते दर तासाला पंधरा मिनिटं स्वतः चालायचे, असं सांगितलं. पार्किंगमध्ये पोळी-लोणचं खाताना ती अंगणाभोवती चालत मिनिटं मोजत होती.