घावनाचा तवा

आमच्या परळच्या घरात घावनांसाठी दोन तवे आहेत. तांबाकाट्यावरून आणलेल्या बिडाच्या तव्याची मर्जी सांभाळावी लागते. अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवल्याशिवाय तो पहिले घावन सोडत नाही, आणि कधी कधी कांदा फिरवूनही सोडत नाही. नॉनस्टिक तव्याचे असले रुसवे नाहीत. त्याच्यावर नवा असताना ‘पीएफओए-विरहित’ अशी पट्टी असते (ज्याला काहीच चिकटत नाही त्याला ती कशी चिकटते, हे एक कोडेच), आणि घेणारा ती बहुधा न वाचताच सोलून टाकतो.

तव्यावरचा गुळगुळीत थर टेफ्लॉनचा. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना वायूच्या नळकांड्यात पांढरी, मेणचट भुकटी अवचित सापडली, ती हीच. पीएफओए हे टेफ्लॉन तयार करताना अनेक दशके वापरले गेलेले साहाय्यक रसायन; तव्यावर ते जवळजवळ उरत नाही, त्यामुळे घावनाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. धास्ती आहे ती कारखान्याच्या सांडपाण्याची. पश्चिम व्हर्जिनियात पार्कर्सबर्गजवळच्या ड्यूपाँटच्या कारखान्यात १९५१ पासून वापरलेले हे रसायन ओहायो नदीत आणि आसपासच्या पिण्याच्या पाण्यात उतरले, आणि तिथून माणसांच्या रक्तात गेले. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका बळकट, की तो ना जिवाणूंना तुटतो, ना उन्हाला. पावसाळ्यात मुंबईकर भक्तिभावाने पाणी उकळतो. पण उकळल्याने पाणी तेवढे आटते, पीएफओए तसेच राहते. रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच काही वर्षे लागतात. २०१९ मध्ये ते, टिकाऊ विषारी रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरले.

आम्हा चाकरमान्यांना मात्र वेगळाच घोर आहे. इटलीत व्हिचेन्झाजवळ याच कुळातली रसायने बनवणारा मितेनी हा कारखाना तिथले भूजल नासवून २०१८ साली दिवाळखोरीत गेला, आणि त्याची यंत्रसामग्री पुढे आमच्या खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. गणपतीला गावी जाताना लोट्याचा वास आला की आम्ही गाडीच्या काचा वर करतो. पाण्यात उतरलेल्या या रसायनांना वास नसतो, रंगही नसतो. तेव्हा लोट्याचे सांडपाणी जिथे जाते, त्या दाभोळच्या खाडीतले पाणी नियमित तपासून त्याचे आकडे गावकऱ्यांसमोर ठेवावेत, ही मागणी मुंबईत बसलेल्यांनीही लावून धरायला हवी, कारण त्या खाडीची मासळी आम्हीही खातो.